शेवग्यापर्यंत आणि परत

“पोतं डोक्यात नाही, पायांत घालायचं!”

हे वाक्य त्या दुपारी मी किती वेळा म्हटलं असेन, कोण जाणे. छत्तीस वर्षं पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवलं होतं. पाढे शिकवले, घड्याळ शिकवलं, शेंबूड पुसायला शिकवलं. पण तीन पोरांना एकेक पोतं पायांत चढवायला शिकवणं इतकं जड जाईल असं मला वाटलं नव्हतं. शेजारच्या इंदूवैनींचा दादू पोत्यात शिरला होता खरा, पण डोक्याकडून. आतून त्याचा आवाज येत होता.

“बाई, अंधार हाय!”

“असणारच. तू उलटा आहेस.”

“मग सुलटा कसा होऊ?”

“बाहेर ये आधी.”

“बाहेर कुठनं यायचं?”

मागच्या गल्लीतला तौफिक हसून हसून जमिनीवर बसला होता. माझी नात केतकी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती. वय वर्षं आठ, पण उभं राहण्याची ढब हेडमास्तरीणबाईंची.

“आजी, याला शिकवून उपयोग नाही. याला आउट कर.”

“अजून शर्यत सुरू झालेली नाही. आउट कुठून करू?”

मी दादूच्या पोत्याची दोन्ही टोकं धरली आणि त्याला बटाट्यासारखा बाहेर ओतला. तो पिवळाधम्मक होऊन बाहेर आला आणि लागोपाठ चार वेळा शिंकला.

त्याचं कारण आमचे हे. निवृत्त झाल्यावर ते मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात कामाला जात. सकाळी निघताना मी बजावून सांगितलं होतं, गव्हाची चार रिकामी पोती पाठवा, स्वच्छ. दुपारी हमालाबरोबर पोती आली, सोबत चिठ्ठी: “गव्हाची मिळाली नाहीत. ही झटकून घेतली आहेत.” कोणी झटकली आणि कशावर झटकली ते त्यांनाच माहीत. मार्च महिना, सांगलीत हळदीचे सौदे ऐन भरात. पोत्याची घडी उलगडली की पिवळा धुरळा परसभर उडत होता. पण पोरांना पोती दिसली होती. आता ती परत पाठवतो म्हणायची माझी छाती नव्हती.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या शाळेत खेळांच्या स्पर्धा झाल्या होत्या. पोत्याची शर्यत फक्त मोठ्या वर्गांना, यांना नुसतं लिंबू-चमचा. तेव्हापासून तिघांनी माझं डोकं खाल्लं होतं. शेवटी मी म्हटलं, शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी परसात घेऊ. आणखी एक कारण होतं. त्या शनिवारी दुपारी मला घरात बसायचं नव्हतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला दिगंबर येणार होता. दिगंबर म्हणजे माझ्या सुनेचा, शैलाचा भाऊ. माझा प्रमोद तासगाव रस्त्यावर अपघातात गेला त्याला अडीच वर्षं झाली होती. शैला तेव्हा पंचवीस वर्षांची. ती माहेरी गेली नाही, मीही तिला जा म्हटलं नाही. केतकीसह ती आमच्याच घरी राहिली. आता दिगंबरनं तिच्यासाठी एक स्थळ आणलं होतं. इस्लामपूरचा माणूस, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. केतकीला आपलं नाव द्यायला तयार. दिगंबर त्यासाठी दोनदा येऊन गेला होता. शैला दोन्ही वेळा एकच बोलली, “आई म्हणतील तसं.” आणि आई दोन्ही वेळा म्हणाल्या होत्या, “बघू.” पहिल्यांदा संक्रांत आडवी आली, दुसऱ्यांदा केतकीच्या दातदुखीची मदत झाली. आज तिसरी खेप. मी मनात वाक्य तयार करून ठेवलं होतं: वर्षभर थांबू या, केतकी चौथीत जाऊ दे. वाक्य चांगलं होतं. त्याच्यात ‘नाही’ कुठंही नव्हतं.

“बाई, मी पयला!” तौफिक ओरडला.

“पहिला शर्यत संपल्यावर ठरतं. इकडे या तिघं. उभे राहा.”

मी रांगोळीनं एक रेघ मारली, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून हातभर पुढे. समोर परसाच्या टोकाला शेवगा होता. रेघेपासून शेवग्यापर्यंत तीसेक पावलं.

“नीट ऐका. शेवग्याला हात लावायचा आणि परत या रेघेवर यायचं. पाय पोत्याच्या दोन कोपऱ्यांत रोवायचे, असे. पोत्याचं तोंड पोटाशी धरायचं, दोन्ही हातांनी. लांब उडी मारायची नाही. लहान लहान उड्या. चिमणीसारख्या. बेडकासारख्या नाही.”

“का बेडकासारख्या नाही?” दादूनं विचारलं.

“कारण बेडूक पोत्यात नसतो.”

“आणि चिमणी?”

मी रेघेकडे बोट दाखवलं. “आणि जो पडेल तो मागे रेघेवर जाईल. तिथून पुन्हा सुरुवात. रडारड नाही, वाद नाही. चुकलं की रेघेवर.”

“बाई चुकल्या तर?” हा प्रश्न तौफिकचा.

“बाईंना पण नियम तोच. चला, एक, दोन…”

तीन म्हणायच्या आत दादू पडला. रेघेवर उभा असतानाच. तौफिक बेडकासारखी लांब उडी मारून तोंडावर आपटला. केतकी व्यवस्थित चिमणीसारख्या उड्या मारत निघाली, पण या दोघांची मजा बघायला वळली आणि कुशीवर कोसळली.

“रेघेवर!” मी म्हटलं.

“मी पडले नाही, मी बसले,” केतकी म्हणाली.

“शर्यतीत बसत नाहीत. रेघेवर.”

पुढचा पाऊण तास असाच गेला. दादू मधेच पेरू तोडायला गेला, पोत्यासकट. तौफिकनं पोत्याचं तोंड गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि हात आत अडकवून बसला. केतकीनं दोन नवीन नियम काढले, दोन्ही तिच्या सोयीचे. मी समजावत होते, करून दाखवत होते, हातानं पाय कोपऱ्यात बसवून देत होते. एक उडी नीट मारली की दुसऱ्या उडीला सगळं विसरून जायचे. मधूनमधून माझं लक्ष स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे जायचं. चार वाजून गेले होते.

इंदूवैनी परसाच्या बुटक्या भिंतीवर कोपरं टेकून उभ्या होत्या. दुपारची झोप मोडली की त्यांना तिथंच उभं राहायची सवय होती.

“काय ओ बाई, पोरांची लग्नं लावायलाय का काय? सगळी हळदीनं माखलीत की!”

“आमच्या ह्यांची कृपा.”

“दादूची चड्डी बघा. आता ही धुवायची कुणी?”

“हळद आहे ती, इंदूवैनी, घाण नव्हे,” मी म्हटलं. “लागू दे अंगाला. चांगलीच असते.”

“ऐकलंस का आजे?” दादू आपल्या आजीला म्हणाला. “हळद म्हंजे घाण नव्हे!” आणि तो खुशाल मातीत बसून पेरू खाऊ लागला.

मग त्याचं पोतं फाटलं. म्हणजे शिवण उसवली. खालच्या कोपऱ्यातून त्याचा पाय घोट्यापर्यंत बाहेर आला आणि तो मोठ्या कौतुकानं अंगठा हलवून दाखवू लागला.

“झालं,” मी म्हटलं. “तीन पोरं, पोती राहिली दोन. जास्तीचं चौथं होतं ते मघाशी नळाखाली ओलं केलंत. आता संपली शर्यत.”

असा काही गलका झाला की आतून शैला बाहेर आली. हातात दाभण आणि सुतळीचा तुकडा. घरातलं जाडंभरडं सगळं तीच शिवायची. तिनं काही विचारलं नाही. पायरीवर बसली, पोतं उलटं केलं आणि घट्ट टाके घालू लागली. तिची साडी नेहमीसारखीच, धुऊन धुऊन राखाडी झालेली. अडीच वर्षांत मी तिला गडद रंगात पाहिलं नव्हतं. कोणी मना केलं होतं असं नाही. तिनं घातला नाही, आम्ही आणला नाही.

“तुझा दादा किती वाजता येणार म्हणाला?” मी उगाच विचारलं. मला माहीत होतं.

“पाचच्या गाडीनं.” तिनं सुतळी दातानं तोडली. “आई, मी त्याला काय सांगू?”

“मी बोलते. तू नको काळजी करू.”

तिनं मान हलवली. पोतं सुलटं केलं, झटकलं, आणि शिवण टिकते का बघायला पोत्यात दोन्ही पाय घालून उभी राहिली. कोपऱ्यांत पाय रोवून. मी पाऊण तास जे तिघांना सांगत होते ते तिनं न सांगता केलं.

केतकीच्या ते लक्षात आलं. “आई! तुला येतं?”

“शाळेत होती आम्हाला.”

“पहिली आलेलीस?”

“हो.”

“खोटं!”

“तीन वर्षं लागोपाठ,” शैला म्हणाली. तिचा आवाज किंचित वर गेला होता. “ज्वारीचं पोतं असायचं. आत कुसळं असायची. ती टोचायला लागली की कोणीही पळेल.”

“काकू, मारा की उडी!” तौफिक म्हणाला. “एकच!”

“नको रे, चहा ठेवलाय.”

“भ्या वाटतंय त्यांना,” दादू पेरू चावत म्हणाला.

दादू हा मुलगा अभ्यासात कधी कामाचा नव्हता, पण त्या वाक्याबद्दल मी त्याला आजही शंभरातले शंभर देते. शैलानं त्याच्याकडे एक नजर टाकली. पदर कमरेला खोचला. पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि रेघेवर जाऊन उभी राहिली.

“मोज,” ती केतकीला म्हणाली.

तौफिक आणि केतकी दोन बाजूंना उभे राहिले. केतकीनं एक, दोन, तीन केलं. शैला निघाली. लहान लहान उड्या, पाय जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नाहीत, अंग पुढे झुकलेलं. तौफिक पाचव्या उडीला पडला. केतकी शेवग्याच्या अलीकडे. शैलानं शेवग्याला हात लावला, जागच्या जागी गिरकी घेतली आणि परत निघाली. येताना ती हसत होती. आधी नुसते दात दिसले, मग आवाज आला. उडीबरोबर हिसका बसून हसू तुटत होतं, पुन्हा येत होतं. अंबाडा सुटला. रेघ ओलांडून ती तशीच स्वयंपाकघराच्या भिंतीवर जाऊन आदळली आणि भिंतीला टेकून हसत राहिली.

“पयला नंबर काकू!” तौफिक पडल्या जागेवरून ओरडला.

“आई, परत! आई, परत एकदा!”

शैलानं पोतं खाली सोडलं आणि बाहेर आली. गुडघ्यापर्यंत पाय पिवळे. राखाडी साडीचा खालचा अर्धा भाग पिवळा. घाम पुसायला तिनं हात फिरवला आणि तळहाताची हळद गालांवर, कपाळावर ओढली गेली. उन्हात उभी होती ती, धापा टाकत, हळदीनं माखलेली, हसत.

भिंतीपलीकडे इंदूवैनींनी तोंड उघडलं. त्या काय म्हणणार होत्या ते मला आजतागायत माहीत नाही. कारण त्यांच्या आधी मीच बोलले.

“शैला, आधी पाय धू. तोंड धू. बरं दिसत नाही ते तसलं.”

तिचं हसू एकदम गेलं नाही. घडी घालून ठेवल्यासारखं सावकाश गेलं. “हो, आई,” ती म्हणाली. पदर सोडला आणि नळाजवळच्या धुण्याच्या दगडाकडे गेली.

“तसलं म्हणजे कसलं?” केतकीनं विचारलं.

“काही नाही.”

“मघाशी तू म्हणालीस, हळद म्हणजे घाण नाही. लागू दे अंगाला म्हणालीस.”

“केतकी, गप्प बस.”

“पण म्हणालीस की नाही? तौफिक, म्हणाली की नाही आजी?”

“म्हटल्या बाई,” तौफिक म्हणाला.

“माझ्या चड्डीला म्हटल्या,” दादूनं दुरुस्ती केली.

छत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले होते, समजलं नाही की विचारायचं, बाईंना राग येत नाही. मला राग आला. त्या पोरांचा, हळदीचा, यार्डात बसलेल्या ह्यांचा, भिंतीवर कोपरं टेकलेल्या इंदूवैनींचा. घड्याळात पाचला दहा कमी होते.

दगडावर बसून शैला पायाला साबण लावत होती. कपड्यांच्या साबणाची वडी, तीच हाताशी होती. ती जोरात घासत होती. आणि जिथं साबण लागला तिथं पिवळं लाल होऊ लागलं. आधी घोट्याजवळ, मग पोटरीवर. तिनं तोंडाला साबणाचा हात लावला तर गालावर आणि कपाळावर लाल ओघळ उतरले.

“बाई! रगत!” दादूच्या हातातला पेरू पडला.

“रक्त नाही रे, येड्या,” केतकी म्हणाली. आणि मग ती माझ्याच आवाजात, माझ्याच चालीवर बोलू लागली, जशी मी दर वर्षी तिसरीच्या वर्गासमोर हळदीचा कागद आणि साबणाचं पाणी घेऊन बोलत असे. “हळदीला साबण लागला की लाल होते. लिंबू पिळलं की परत पिवळी होते. हळद कुठं जात नाही, फक्त रंग बदलते. हो की नाही, आजी?”

मी शैलाच्या पायांकडे पाहिलं.

“थांब, लिंबू आणते!” ती आत पळाली. तौफिक तिच्या मागे.

शैला घासतच होती. जितकी घासत होती तितका पाय लाल होत होता. तिनं पाणी ओतलं, साबण निघून गेला, पाय पुन्हा पिवळे. तिनं पुन्हा वडी उचलली. आता ती टाच घासू लागली. तिनं वर पाहिलं नाही, माझ्याकडे नाही, भिंतीकडेही नाही. पटकन धुऊन मोकळं व्हावं, कोणाला त्रास नको, अशी तिची सगळी धडपड. जानेवारीत मी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं तेव्हाही ती तशीच होती. बाहेरच्या खोलीत वीस बायका, आत ती चहा गाळत होती. तिला कोणी आत थांब म्हटलं नव्हतं. बाहेर ये, असंही कोणी म्हटलं नव्हतं. चहाचा ट्रे मीच आत जाऊन आणत होते. दर खेपेला तिच्या हातातून घेत होते आणि दर खेपेला मला वाटत होतं, किती समजूतदार आहे ही.

केतकी अर्धं लिंबू घेऊन आली आणि तिनं ते आईच्या पायावर पिळलं. लालसर फेसावर पिवळा ठिपका उमटला, पसरला. “बघ!” ती दादूला म्हणाली. “आता सांग, आजी, तसलं म्हणजे कसलं?”

मी पुढे झाले आणि शैलाच्या हातातली साबणाची वडी काढून घेतली.

“पुरे,” मी म्हटलं. “राहू दे ते.”

“आई, निघेल आत्ता. इंदूवैनी…”

“इंदूवैनींना काय बघायचं ते बघू दे. मी चुकले.”

तिघं पोरं एकदम गप्प झाली. इतका वेळ घसा फोडून जे साधलं नव्हतं ते त्या दोन शब्दांनी साधलं.

“बाई चुकल्या?” तौफिकनं खात्री करून घेतली.

“हो.”

“मग रेघेवर,” दादू म्हणाला.

“दादू!” भिंतीवरून इंदूवैनी ओरडल्या. “बाईंना असं बोलायचं असतं का रे?”

“नियम हाय आजे. त्यांनीच सांगितलाय.”

नियम होता. मी साबण खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि चालत जाऊन रांगोळीच्या रेघेवर उभी राहिले. अर्धी रेघ एव्हाना पुसली गेली होती. साठीची बाई, हात बाजूला, पाय जोडून, वर्गात उभं केलेल्या मुलासारखी. हसू कोणालाच आलं नाही, हेच जास्त वाईट होतं.

तशातच बोळातून दिगंबर आला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात रुमाल. त्यानं पिवळी पोरं पाहिली, पिवळी बहीण पाहिली, रेघेवरची मी पाहिली, आणि आपण चुकून दुसऱ्याच घरात आलो की काय असा त्याचा चेहरा झाला.

“काकू? काय झालं?”

“शर्यत चाललीय. बसा.”

बसायला पायरीशिवाय काही नव्हतं. तो उभाच राहिला. भला माणूस. तीन खेपा घातल्या, पण आवाज कधी चढवला नाही. त्याच्या कपाळावर मात्र एक आठी होती, ती पहिल्या खेपेला नव्हती.

“काकू, ती माणसं थांबलीत,” तो म्हणाला. “दुसरीकडूनही त्यांना सांगून आलंय. आज काहीतरी निरोप न्यायला पाहिजे मला. हो म्हणा, नाही म्हणा, पण बघू नको आता. काय सांगू त्यांना?”

वाक्य तोंडात तयार होतं. वर्षभर थांबू या. केतकी चौथीत जाऊ दे. मी तोंड उघडलं आणि शैलाकडे पाहिलं. ती दगडावरून उठली होती, पण पुढे आली नव्हती. पाय अर्धे लाल, अर्धे पिवळे. तिची नजर माझ्यावर होती. उत्तर माझंच येणार याची तिला इतकी सवय झाली होती, की तिनं उत्सुकतासुद्धा दाखवली नाही.

“दिगंबर,” मी म्हटलं, “तुम्ही दोनदा आलात आणि दोन्ही वेळा चुकीच्या माणसाला विचारलंत.”

“म्हणजे?”

“तिला विचारा.”

“तिला विचारलंय, काकू. ती म्हणते, आई म्हणतील तसं.”

“आईला आज बोलायची बंदी आहे. आई रेघेवर आहे.”

“आजी आउट आहे,” केतकीनं मामाला समजावलं.

दिगंबर बहिणीकडे वळला. शैलानं सुटलेला अंबाडा परत बांधला. दादूनं पडलेला पेरू उचलून पुसला, पण खाल्ला नाही. मला वाटलं, आता ती तेच म्हणेल, आई म्हणतील तसं, आणि खरं सांगते, तिनं तसं म्हणावं अशी माझ्या मनात एक बारीक इच्छा त्या घटकेलाही होती. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

“रविवारी येऊ देत त्यांना,” शैला म्हणाली.

“घरी? आपल्याकडे?”

“इथं. केतकीला भेटू देत आधी. बाकीचं मी मग सांगेन.” मग ती जरा थांबली. “आणि आई असतील बाजूला.”

“असेन,” मी म्हटलं. तेवढी बंदी मोडली.

“चहा उतू गेला असंल तुमचा,” इंदूवैनी भिंतीवरून म्हणाल्या. “मी टाकते माझ्याकडं. दिगंबरराव, चहा घेऊनच जावा.” आणि जाता जाता, शैलाकडे न बघता, “पाय पुसायला काहीतरी द्या की त्या पोरीला. वाऱ्याला उभी हाय कधीची.”

मी आतून टॉवेल आणला. पांढरा, कोरा, पाहुण्यांसाठी ठेवलेला होता. शैला म्हणाली, “आई, हा नको, डाग पडेल.” मी म्हटलं, पडू दे. तिनं पाय पुसले, तोंड पुसलं. टॉवेलवर हळदीचे पट्टे उठले.

“आता शर्यत?” तौफिकनं विचारलं. “काकू परत खेळणार?”

“बाई रेघेवरनं सुटल्या की,” दादू म्हणाला.

“सुटले,” मी म्हटलं. “आणि पोतं डोक्यात नाही, पायांत घालायचं.”

माणूस रविवारी आला. बुजरा होता. केतकीनं त्याला पोत्याच्या शर्यतीचे नियम सांगितले, तिचे दोन जास्तीचे धरून, आणि त्यानं ते सगळे मान्य केले. मे महिन्यात लग्न झालं. हळदीला शैलाला मांडवात बसवल्यावर बायका जरा घुटमळल्या, पहिला हात कोणी लावायचा म्हणून. मी लावला. त्यानंतर ती आणि केतकी इस्लामपूरला गेल्या आणि आमचं घर इतकं शांत झालं, की मी दादूला रोज पाढे म्हणायला बोलवू लागले. तो यायचा. पेरूसाठी.

आता केतकीची मुलगी आठ वर्षांची आहे. सुट्टीत तिघीही येतात. दर खेपेला केतकी माझं कपाट आवरायला काढते आणि दर खेपेला तो टॉवेल तिच्या हाती लागतो.

“आजी, किती वर्षं हा कळकट टॉवेल जपून ठेवणार आहेस? धुवायचा, उन्हात टाकायचा, डाग निघून जाईल.”

“माहीत आहे,” मी म्हणते. “हळदीचा डाग उन्हात उडतो. तिसरीच्या वर्गात मीच शिकवायचे.”

“मग उन्हात का नाही टाकत?”

शैला पायरीवर बसून आमचं ऐकत असते. तिच्या अंगावर हल्ली लाल, हिरवं, वाटेल ते असतं. ती उठते, केतकीच्या हातातून टॉवेल घेते, त्याची घडी घालते आणि कपाटात, अगदी मागे, ऊन पोचणार नाही तिथं ठेवून देते.